कोडीसाठी बॉक्स घेण्याआधी आपल्या फायली उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत जुनं दुमजली घर. खाली हॉलमध्ये ४३ इंची ४के टीव्ही, नावाला स्मार्ट, पण त्यात प्ले स्टोअर नाही आणि मेनू उघडायलाच वेळ लागतो. वरच्या खोलीत वडिलांच्या बंद झालेल्या फोटो स्टुडिओचा विंडोज डेस्कटॉप आणि ४ टीबीची डिस्क. डिस्कवर स्टुडिओच्या काळातल्या लग्नांच्या मिनी-डीव्ही टेपा नि डीव्हीडी उतरवलेल्या, काही ४के सिनेमे, आणि फोनवर काढलेले व्हिडिओ. टीव्हीवर कोडी (आपल्या फायली टीव्हीवर मांडून चालवणारं सॉफ्टवेअर) लावायचं आहे, बजेट दहा हजार, आईला तिच्या मालिका एकाच रिमोटवर लागल्या पाहिजेत. पर्याय पाच: फायर स्टिक, गुगल टीव्हीचा बॉक्स, रास्पबेरी पाय ५ (तळहाताएवढ्या बोर्डावरचा संगणक), इंटेलच्या एन१०० चिपचा मिनी पीसी, आणि दुकानदार अडीच हजारात देतोय तो ‘८के’ बॉक्स.

आधी उत्तर देतो, मग कारणं. गुगलने प्रमाणित केलेला साधा अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही बॉक्स घ्या, किमान २ जीबी रॅमचा, यूएसबी पोर्ट असलेला. त्याला यूएसबी लॅन ॲडॉप्टर लावा आणि वरच्या डेस्कटॉपपासून हॉलपर्यंत वायर ओढा. डिस्क वरच राहू दे. पैसे उरतील, त्यात दुसरी डिस्क घ्या. ती कशाला ते पुढे येईल.

लोक ‘कुठला बॉक्स भारी’ असं विचारतात, तिथंच घोळ होतो. बॉक्सने तुमच्या फायली जशा आहेत तशा, स्वतःच्या चिपवर उलगडल्या पाहिजेत. तेवढं जमलं की पलीकडे सर्व्हर म्हणून जुनं यंत्र असलं तरी भागतं, कारण त्याचं काम फक्त फाईल देण्याचं राहतं. बॉक्सला फाईल झेपली नाही, तर सर्व्हरला ती चालता चालता दुसऱ्या रूपात बदलून द्यावी लागते, आणि त्यासाठी मग महागडा सर्व्हर लागतो. म्हणून निवड दुकानात करू नका. वरच्या डेस्कटॉपवर मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका, प्रत्येक प्रकारातली एकेक फाईल त्यात उघडा आणि चार गोष्टी लिहून काढा: कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) कोणता, रेझोल्युशन किती, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) किती, आणि ‘स्कॅन टाइप’पुढे प्रोग्रेसिव्ह लिहिलंय की इंटरलेस्ड. तुमच्या बाबतीत ही शेवटची नोंद सगळ्यांत महत्त्वाची आहे.

तुमच्या वर्णनावरून अंदाज बांधतो. डीव्हीडीतल्या फायली एमपेग-२, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड. मिनी-डीव्हीवरून थेट उतरवलेल्या फायली डीव्ही कोडेकच्या, २५ एमबीपीएसच्या, तासाला साधारण १३ जीबी खाणाऱ्या, त्याही इंटरलेस्ड. फोनचे व्हिडिओ एच.२६४ किंवा त्याच्या पुढच्या पिढीचा कोडेक एचईव्हीसी. ४के सिनेमे एचईव्हीसी, १० बिट, आणि ४के ब्लू-रे डिस्कवरून जसेच्या तसे घेतले असतील तर सरासरी ५० ते ८० एमबीपीएस, मध्येच त्याच्याही वर उड्या मारणारे. यातलं एचईव्हीसी आजचा कुठलाही बरा ४के बॉक्स सहज चालवतो. सगळे रिव्ह्यू त्याचीच चर्चा करतात. कस लागतो तो तुमच्या वडिलांनी काढलेल्या लग्नांचा.

आपल्याकडचे जुने कॅमेरे पाल पद्धतीचे. सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपलेलं, आधी एकाआड एक ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. ट्यूबच्या टीव्हीला हे मानवायचं, तो ओळी तशाच आळीपाळीने रंगवायचा. आजचा पॅनल दोन्ही हप्ते एकदम दाखवतो. स्थिर दृश्यात काही कळत नाही. पण अंतरपाट खाली झाला, शंभर हात एकदम वर गेले आणि अक्षता उडाल्या, की प्रत्येक हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. वाजंत्री, वरात, नवरदेवाचा घोडा, जिथं हालचाल तिथं हेच. यावरचा इलाज म्हणजे डीइंटरलेसिंग. चांगल्या पद्धतीत त्या दोन हप्त्यांतून दोन पूर्ण चित्रं तयार होतात, सेकंदाला ५०, आणि हालचाल मूळ टेपेसारखी गुळगुळीत राहते. हलक्या पद्धतीत अर्ध्या ओळी टाकून देतात, मग चित्र मऊ पडतं आणि चाल अडखळते.

अँड्रॉइडवर कोडी चालतं तेव्हा व्हिडिओ बहुधा थेट चिपच्या डीकोडरकडे जातो आणि डीइंटरलेसिंग तो डीकोडर करेल तसं होतं. कोडीच्या मेनूत पद्धत निवडायला गेलात तर तिथं काही हाती लागत नाही. काही चिप हे काम नीट करतात, काही करतच नाहीत, आणि डब्यावर यातलं अक्षरही लिहिलेलं नसतं. कोडीत हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केलं तर काम प्रोसेसरकडे येतं, डीइंटरलेसिंग नीट होतं आणि ७२० बाय ५७६ च्या फाईलला साध्या बॉक्सची ताकद पुरते. पण तो खटका सगळ्या फायलींना लागू होतो, मग ४के सिनेमा धापा टाकायला लागतो. दर वेळी सेटिंग बदलत बसायचं, तेही आईच्या हातात रिमोट असताना? नको.

त्यापेक्षा लग्नांच्या फायली एकदाच नीट करून घ्या. हँडब्रेक हे व्हिडिओ एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात डीइंटरलेसला ‘बॉब’ हा पर्याय निवडा, फ्रेमरेट ५० ठेवा, एच.२६४ मध्ये क्वालिटी १८ च्या आसपास धरा आणि डेस्कटॉपला रात्रभर रांगेत काम लावून द्या. जी फाईल तयार होते ती स्टिकपासून टीव्हीपर्यंत कुठल्याही यंत्रावर न कुरकुरता चालते. मूळ फायली मात्र पुसू नका. उद्या याहून चांगलं तंत्र येईल, तेव्हा मूळच लागेल. आणखी एक, ‘मोठं करून’ १०८० ची फाईल बनवायच्या फंदात पडू नका. तेवढं मोठं करण्याचं काम टीव्ही रोजच करतो, तुम्ही फक्त डिस्क भराल.

हे केलंत की बॉक्सची निवड एकदम सोपी होते. रास्पबेरी पाय ५ चं मुख्य आकर्षण, म्हणजे कोडीवर पूर्ण ताबा, तुम्हाला तितकं लागत नाही. पाय वाईट नाही. लिब्रेईएलईसी टाकलं की तो निव्वळ कोडीचं यंत्र होतो, एचडीएमआय-सीईसीमुळे टीव्हीच्याच रिमोटवर चालतो, आणि जुन्या इंटरलेस्ड फायलींचं डीइंटरलेसिंग सॉफ्टवेअरने व्यवस्थित करतो. गंमत म्हणजे पाय ५ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर डीकोडरच ठेवलेला नाही, फक्त एचईव्हीसीचा आहे. १०८० पर्यंतचं एच.२६४ त्याचा प्रोसेसर ओढतो, त्यामुळे अडत नाही. पण बोर्ड, केस, पंखा, कार्ड, मायक्रो-एचडीएमआय केबल आणि ५ अँपियरचा अधिकृत पॉवर सप्लाय असं सगळं धरलं की तो ‘स्वस्त’ राहत नाही. फोनचा चार्जर लावून भागवायला गेलात तर पाय यूएसबीला मिळून ६०० मिलीअँपियरच देतो, आणि २.५ इंची डिस्क टकटक करत बसते. शिवाय ओटीटीच्या बाबतीत पाय लंगडा आहे.

आईच्या मालिकांचा प्रश्न इथं येतो. ओटीटीची ॲप यंत्रात वाइडवाइनचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या गुगलच्या कुलपाचा, कोणता स्तर आहे ते बघतात. एल१ असेल तर एचडी आणि वर, एल३ असेल तर बहुतेक ठिकाणी जुन्या केबलसारखं धुरकट चित्र. पाय, मिनी पीसीवरचं लिनक्स, आणि प्रमाणपत्र नसलेले बॉक्स एल३ वर अडकतात. मालिका आणि कोडी एकाच रिमोटवर हवं असेल, तर प्रमाणित बॉक्स किंवा स्टिक, एवढेच दोन रस्ते उरतात.

मिनी पीसीबद्दल दोन शब्द. एन१०० ही चिप २०२३ पासून बाजारात आहे, वीज कमी खाते, आणि एचईव्हीसी नि त्याहून नवा कोडेक एव्ही१ दोन्ही हार्डवेअरवर उलगडते. सर्व्हर म्हणून मला ती फार आवडते. टीव्हीखाली ठेवायला नाही. अशा बहुतेक मिनी पीसींना सीईसी नसतं, त्यामुळे टीव्हीचा रिमोट चालत नाही आणि सोफ्यावर कीबोर्ड-माउस येतो. एकदा विंडोजचं अपडेट ऐन मालिकेच्या वेळेला लागलं की आई तुम्हाला घरात टिकू देणार नाही.

फायर स्टिकवर ओटीटी उत्तम चालतं. पण कोडी ॲमेझॉनच्या स्टोअरमध्ये २०१५ पासून नाही, ते बाहेरून टाकावं लागतं. २०२५ पासून ॲमेझॉनने अँड्रॉइडऐवजी व्हेगा नावाच्या प्रणालीवरची स्टिकही आणली आहे, तिच्यावर कोडी असं टाकता येत नाही. नाव जवळजवळ तेच, डबा तसाच, त्यामुळे ऑनलाइन घेताना लोक फसतात. घ्यायचीच झाली तर ४के मॅक्स घ्या आणि मॉडेलचं वर्णन शेवटपर्यंत वाचा. माझी पसंती तरी बॉक्सलाच. स्टिकला साधा यूएसबी पोर्ट नाही, टीव्हीच्या मागे गरम हवेत ती लटकते, आणि तिला मिळणारा अधिकृत लॅन ॲडॉप्टर १०० एमबीपीएसचाच. त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ मिळतात. तुमच्या सिनेमांनी उडी मारली की तिथंच चाक फिरायला लागतं.

अडीच हजारांचा ‘८के’ बॉक्स दुकानातच राहू द्या. ‘नाद खुळा पिक्चर दिसतंय’ असं दुकानदार म्हणणारच. त्यात फोनचं अँड्रॉइड टीव्हीचा मुखवटा घालून बसवलेलं असतं, लिहिलेली रॅम नि स्टोरेज खरी असेलच असं नाही, आणि सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. हे नुसतं स्वस्त मालाचं रडगाणं नाही. जानेवारी २०२३ मध्ये टी९५ नावाच्या अशाच बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातलेलं मालवेअर सापडलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या अशाच बाधित उपकरणांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला, आणि त्यामागच्या लोकांवर खटला भरताना गुगलने बाधित उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर सांगितला. असा बॉक्स तुमच्या घरच्या नेटवर्कमध्ये बसून तुमच्या इंटरनेटवरून दुसऱ्याचे उद्योग करतो. ‘सगळं फुकट दिसतं’ म्हणून आधीच ॲडऑन भरून दिलेलं कोडीही त्यातलंच. कोडी स्वतः काहीच दाखवत नाही, तुमच्या फायली तेवढ्या दाखवतं.

आता वायर. तुमच्या घराच्या भिंती दीड-दोन फुटी असतील. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यातून कसंबसं येतं, पण पेठेत शेजारचे दहा राउटर त्याच पट्ट्यात बोंबलत असतात. ५ गिगाहर्ट्झ मोकळं असतं, पण एका जाड भिंतीतच दम सोडतं. म्हणून कॅट-६ वायर. निव्वळ तांब्याची मागा, ‘सीसीए’ म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ते नको. जिना आतून असेल तर आतून आणा. बाहेरून आणायची तर जाड काळ्या आवरणाची आउटडोअर वायर घ्या, आणि खिडकीतून आत शिरण्याआधी तिला वीतभर झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून खाली गळतं, वायरीवरून चालत राउटरपर्यंत येत नाही. आपल्याकडच्या जुलैत हे फार कामाला येतं. बॉक्सला लॅन पोर्ट नसतो बऱ्याचदा, शाओमीच्या बॉक्सना तर बहुधा नाहीच, म्हणून गिगाबिटचा यूएसबी ॲडॉप्टर. बॉक्सचं यूएसबी २.० असलं तरी शंभरच्या बरंच वर मिळतं, आणि तुम्हाला तेवढं पुरे.

डेस्कटॉपवर सर्व्हर कोणता लावू, हेही तुम्ही विचारलं आहे. एकच टीव्ही असेल तर कुठलाच नको. फोल्डर शेअर करा, कोडीसाठी विंडोजवर वेगळा वापरकर्ता पासवर्डसकट तयार करा आणि त्याला फक्त वाचण्याचा हक्क द्या, म्हणजे सोफ्यावर बसून कुणी चुकून लग्न पुसणार नाही. पुढे वरच्या खोलीत दुसरा टीव्ही आला, पुण्याच्या बहिणीला बघायचं झालं, तर जेलीफिन हा मीडिया सर्व्हर टाका. एम्बी नावाच्या सर्व्हरचा कोड बंदिस्त झाला तेव्हा २०१८ मध्ये त्यातून ते वेगळं निघालं, पूर्ण मोफत आहे. त्याच जातीचं प्लेक्स दिसायला देखणं, पण एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून बघायला पैसे मागतं.

जुना डेस्कटॉप रिकामा बसूनही ६० वॉट घेत असेल, तर महिनाभर चालू ठेवल्यास साधारण ४३ युनिट होतात. दहा वॉटच्या मिनी पीसीला सात. म्हणून डेस्कटॉप झोपवून ठेवा आणि बायोसमध्ये वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून यंत्र जागं करायची सोय, चालू करा. कोडीच्या सिस्टिम सेटिंगमध्ये वीजबचतीच्या पानावर सर्व्हरला जागं करण्याची सोय आहे. फाईलवर बोट ठेवलं की यंत्र उठतं, फक्त पहिल्या वेळी थोडं थांबावं लागतं.

फायलींची नावं रोमन लिपीत आणि सालासकट ठेवा. मराठी सिनेमांत नावं पुन्हा पुन्हा येतात. आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण घ्या: बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा मूकपट, आणि त्यांनीच केलेला १९३६ चा बोलपट. साल नसेल तर कोडी दोघांची सरमिसळ करतं. लग्नांसाठी मात्र वेगळा स्रोत करा आणि त्याला माहिती शोधण्याचा पर्याय ‘काही नाही’ ठेवा. नाहीतर ‘पाटील विवाह’ फोल्डरला कोडी कुठल्यातरी तेलुगू सिनेमाचं पोस्टर चिकटवून मोकळं होतं.

डॉल्बी व्हिजन, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारी पद्धत, त्यासाठी जादा पैसे घालू नका. ४३ इंची साध्या पॅनलची उजेडाची ताकदच तेवढी नसते. एनव्हिडिया शील्ड प्रो हा बॉक्स लोक सुचवतील. यंत्र दणकट आहे, पण २०१९ चं, आणि त्याची खरी मजा बाहेर एव्ही रिसीव्हर (वेगळ्या स्पीकरांचा ॲम्प्लिफायर) असेल तर. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर पासथ्रू (आवाज न उलगडता पुढे पाठवणं) बंद आणि कोडीत दोन चॅनेल, विषय संपला.

दुसऱ्या डिस्कचं आता. सिनेमे परत मिळतील, टेपा नाहीत, आणि मिनी-डीव्हीचे चालू प्लेअरही आता मुश्किलीने मिळतात. २००५, २०१९, २०२१ ला पंचगंगा कुठवर आली ते शुक्रवार पेठेतल्या माणसाला मी सांगायला नको. डेस्कटॉप वरच्या मजल्यावर आहे हे बरं आहे. तरी लग्नांच्या मूळ फायलींची दुसरी प्रत राजारामपुरीत किंवा उंचावरच्या कुणा पाहुण्याकडे ठेवा, आणि वर्षातून एकदा आणून चालू करून बघा.

बॉक्स आला की परत करायची मुदत संपायच्या आत तीन फायली पेनड्राइव्हवर घेऊन चालवा: सगळ्यांत जड ४के सिनेमा, फोनचा एक व्हिडिओ, आणि हँडब्रेकमधून न गेलेलं एक मूळ लग्न. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढची फाईल मावत नाही. बॉक्सला एक्सफॅट वाचता आलं नाही, तर तेही त्याच्याबद्दल एक माहितीच. फाईल चालू असताना यूएसबी कीबोर्ड लावून इंग्रजी ओ दाबा. पडद्यावर डीकोडरचं नाव येतं: सुरुवातीला एएमसी असेल तर काम चिपवर चाललंय, एफएफ असेल तर प्रोसेसरवर. जड सिनेमा एफएफवर दिसला तर बॉक्स परत. मूळ लग्नात अक्षतांच्या वेळी दात दिसले तर हरकत नाही, त्याची सोय आपण वर केली आहे. दात दिसले नाहीत आणि चालही अडखळली नाही, तर तुमची हँडब्रेकची मेहनत वाचली. सोबत डीआरएम इन्फो नावाचं ॲप टाकून वाइडवाइन एल१ आहे ना तेवढं बघा. कोडीत प्लेअरच्या व्हिडिओ विभागात रिफ्रेश रेट जुळवण्याचं सेटिंग ‘सुरू आणि बंद होताना’वर ठेवा, म्हणजे ५० फ्रेमच्या लग्नाला टीव्ही ५० हर्ट्झवर जातो आणि वरात अडखळत नाही. त्या वेळी पडदा क्षणभर काळा होतो. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर टीव्ही बिघडला म्हणून तुम्हाला फोन येईल.